‘अजिबात नाही’ची उलटतपासणी

कर्करोगाच्या रुग्णाने भरलेल्या प्रश्नावलीच्या कागदावर दोन खुणा आहेत. पहिला प्रश्न असा: गेल्या ७ दिवसांत हातापायांच्या मुंग्या किंवा बधिरपणा सर्वांत जास्त होता, तेव्हा तो किती होता? खूण ‘तीव्र’वर. दुसरा प्रश्न: या त्रासामुळे तुमच्या नेहमीच्या किंवा रोजच्या कामांत किती अडथळा आला? खूण ‘अजिबात नाही’वर.

उत्तरे देणारी बाई ५८ वर्षांची, कागल तालुक्यातल्या एका गावची. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेली, केमोथेरपीच्या लाल औषधाची ४ सलाईनं पार पडलेली, आता दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, तेही केमोथेरपीचंच औषध. अशी १२ घ्यायची आहेत, त्यातली ८ झाली. एसटीने कोल्हापूरला यायचं, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघायची, डॉक्टरांनी ‘घ्या’ म्हटलं की सलाईन, आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

संगणकात आकडे भरणारा माणूस या दोन खुणांपाशी थांबणार नाही. एका रकान्यात ३, दुसऱ्यात ०, पुढचा कागद. कोणी थांबलाच तर म्हणेल, बाईंना प्रश्न कळला नाही. प्रश्न त्यांना नीट कळला होता, आणि त्यांचं उत्तर त्यांच्या हिशेबाने बरोबर होतं. तरीही त्या ‘अजिबात नाही’च्या आड असं काही दडलं होतं, की डॉक्टरांना ते वेळेत कळलं असतं तर औषधाचा डोस बदलला असता.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. रुग्णांना प्रश्नावली कशी कळते ते तपासायला मुलाखत घेणाऱ्यांना शिकवण्यासाठी हे प्रकरण बेतलेलं आहे. यातली बाई, सून, रुग्णालय म्हणजे खरी कोणी एक व्यक्ती किंवा एक जागा नव्हे. प्रश्नही मूळ इंग्रजीवरून इथे समजण्यापुरते मराठीत मांडलेत. तो अधिकृत मजकूर समजून कोणी उचलू नये.

हे प्रश्न विचारायचेच कशाला

कर्करोगाच्या औषधांचे दुष्परिणाम मोजायची डॉक्टरांची मोजपट्टी जुनी आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने ती १९८३ च्या सुमारास बांधली. आज तिला सीटीसीएई म्हणतात; तिची पाचवी आवृत्ती २०१७ साली आली. दुष्परिणामाला १ ते ५ यांतली ग्रेड देतात. १ म्हणजे किरकोळ, ५ म्हणजे मृत्यू. रक्तातल्या पांढऱ्या पेशी किती कमी झाल्या, हे प्रयोगशाळा सांगते, तिथे वादच नाही. पण मळमळ, थकवा, तोंड येणं, मुंग्या यांची ग्रेड डॉक्टर रुग्णाशी बोलून ठरवतो. ओपीडीत रांग दारापर्यंत आलेली असताना हे बोलणं किती होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. ‘काय, बरं आहे का?’ ‘बरं हाय.’ झाली ग्रेड.

म्हणून त्याच संस्थेने रुग्णाने स्वतः भरायची जोड-प्रश्नावली तयार केली, ती प्रो-सीटीसीएई. डॉक्टरांच्या यादीतल्या शेकडो दुष्परिणामांपैकी रुग्णालाच जाणवतात अशी ७८ लक्षणं निवडली आणि त्यांवर १२४ प्रश्न बांधले. सगळे एकाला विचारायचे नसतात. औषध बघून निवडायचे. काही लक्षणांना ‘किती वेळा’, काहींना ‘किती तीव्र’, काहींना ‘कामात किती अडथळा’, काहींना तिन्ही. उत्तराच्या बहुतेक ठिकाणी पाच पायऱ्या, ० ते ४. काळ गेल्या ७ दिवसांचा.

विचारून फरक पडतो का? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात ७६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१७ साली आला. कर्करोग पसरलेले, केमोथेरपी चालू असलेले हे रुग्ण होते. एका गटाने नेहमीच्या १२ लक्षणांची माहिती स्वतः संगणकावर भरली आणि त्रास वाढला की परिचारिकेला सूचना गेली. दुसऱ्या गटाची देखभाल नेहमीप्रमाणे झाली. लक्षणं भरणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ३१.२ महिने निघालं, दुसऱ्याचं २६. चाचणी एकाच रुग्णालयातली, तेही जगातल्या नामांकित रुग्णालयातली, हे ध्यानात ठेवूनही पाच महिन्यांचा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मात्र या सगळ्याचा पाया एकच: रुग्णाने दिलेल्या उत्तराचा अर्थ आपण लावतो तोच असला पाहिजे.

तो आहे का, हे बघायला प्रश्नावलीचीच परीक्षा घ्यावी लागते. इंग्रजी मजकुराची ती कसून झाली. १२७ जणांच्या मुलाखती घेऊन प्रश्न कसे समजतात ते तपासलं, त्याचा अहवाल २०१४ साली आला. मग ९७५ रुग्णांवर मोजमाप पडताळलं, ते २०१५ साली छापून आलं. मराठीलाही हे काम अगदी नवं नाही. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी क्यूएलक्यू-सी३० ही युरोपातली जीवनमानाची प्रश्नावली स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर हिंदी-मराठीत तपासून २००५ सालीच प्रसिद्ध केली. पण मुंबईत तपासलं म्हणजे कागलला लागू झालं, असं धरून चालणं मला पटत नाही.

मुलाखत

समजुतीच्या मुलाखतीत उत्तर गौण असतं. माणूस उत्तरापर्यंत कसा पोचला, ते बघायचं असतं. प्रश्न कळणं, त्या काळातलं आठवणं, आठवलेल्याचा हिशेब करणं आणि हिशेब दिलेल्या पर्यायांत बसवणं, अशा चार टप्प्यांपैकी कुठेही गाडी रुळावरून घसरू शकते. पाठ्यपुस्तकात दोन पद्धती सांगतात. एक, रुग्णाला मनातलं मोठ्याने बोलत बोलत उत्तर द्यायला लावायचं. दुसरी, उत्तर झाल्यावर उकरून विचारायचं. आपल्याकडे पहिली क्वचित जमते. ‘मनात जे येतंय ते बोला’ म्हटलं की माणूस गप्प होतो किंवा आपल्या तोंडाकडे बघून बरोबर उत्तर शोधू लागतो. दवाखान्यात विचारलेला प्रश्न म्हणजे परीक्षा, अशीच सवय आहे. त्यामुळे दुसरी.

वेळ निवडण्यात अर्धं यश आहे. पॅक्लिटॅक्सेलच्या आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात, ॲलर्जी उठू नये म्हणून एव्हिलसारखं इंजेक्शनही देतात. एव्हिल गेलं की पाच-दहा मिनिटांत डोळे मिटू लागतात. सलाईन लागल्यावर बाई निवांत पडलेल्या दिसतात, वाटतं आता बोलू, आणि तेव्हाची सगळी उत्तरं झोपेतली असतात. बोलायचं ते रक्त देऊन रिपोर्ट येईपर्यंतच्या वेळात.

सून बरोबर होती. तिने पहिल्या प्रश्नापासूनच ‘अहो, रात्रभर पाय चोळत बसतात’ असं सुरू केलं होतं. मुलाखत घेणारीने तिला रिपोर्ट कुठवर आलेत ते बघायला खाली लॅबमध्ये पाठवलं. सून जे सांगत होती ते खरंच होतं, पण तपासायचा होता तो मावशींचा हिशेब.

‘मावशी, हा प्रश्न तुम्हाला काय कळला, तुमच्या शब्दांत सांगा बघू.’

‘कामाला आडवं येतंय का, आसं इचारलंसा न्हवं?’

‘हो, तेच. मग तुम्ही अजिबात नाही म्हणालात, ते कशावरून?’

‘मला काम हाय कुठं? सगळं सून करती. मी आपला बसून खातो.’

इथे बहुतेक नवशिके ‘बरं’ म्हणून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. मुलाखत घेणारी वळली नाही.

‘आजाराच्या आधी काय काय करत होता?’

‘आधी व्हय? आधी काय करत न्हवतो! पाटं उठून दोन म्हशींची धार काढायची, डेरीला दूध घालून यायचं, भाकरी थापायच्या. भांगलायला जायचो.’

‘मग धार कधीपासून बंद झाली?’

‘पाच-सा सलाईनं झाली तवापास्नं. सड धरलाय का न्हाई, बोटास्नी कळतच न्हाई. जास्त दाबलं की म्हस लाथ झाडती. सून म्हणली, आत्या, ऱ्हाऊ द्या आता.’

‘आणि चालताना?’

‘चालतो की. परवा स्टँडवर चप्पल निसटली, मला पत्त्याच न्हाई. एक पोरगं मागनं वरडत आलं, आजी, चप्पल!’

‘अंघोळ, कपडे, जेवण?’

‘ते माझं मीच करतो. तेवढी पोलक्याची हुकं सून लावती.’

हुकं. सगळं प्रकरण इथे उलटं झालं.

डॉक्टरांच्या मोजपट्टीत हातापायांच्या संवेदना जाण्याची ग्रेड मुख्यतः कामावरूनच ठरते. स्वयंपाक, खरेदी, पैशांचा व्यवहार, फोन लावणं अशी घर चालवणारी कामं अडली, तर ग्रेड २. अंघोळ, कपडे घालणं, जेवणं ही स्वतःची कामं अडली, तर ग्रेड ३. धार काढणं पहिल्या प्रकारात जाईल, पोलक्याची हुकं दुसऱ्यात. म्हणजे कागदावर ज्या प्रश्नाला ० आहे, त्याच प्रश्नाच्या पोटात ग्रेड ३ ची शंका आहे. शंकाच म्हणायचं, कारण रुग्णाने दिलेला आकडा थेट ग्रेड म्हणून वापरायचा नसतो. ग्रेड ठरवायला डॉक्टरने तपासायलाच हवं.

आणि या दुष्परिणामात वेळ मोलाचा असतो. पॅक्लिटॅक्सेलचा बधिरपणा येऊच नये म्हणून द्यावं असं भरवशाचं औषध नाही. दुखत असेल तर ड्युलॉक्सेटिनचा काहीसा उपयोग होतो. बाकी डोस कमी करणं, लांबवणं किंवा थांबवणं हेच मार्ग. उशीर झाला तर उपचार संपल्यावरही बोटांची जाणीव महिनोन् महिने, कधी वर्षं, परत येत नाही.

उत्तर चुकलं कुठे

चार टप्पे लावून बघू. प्रश्न कळला का? कळला, त्यांनी तो आपल्या शब्दांत अचूक सांगितला. आठवलं का? आठवलं. सात दिवसांचा हिशेब त्यांना सोपाच होता, कारण दर आठवड्याच्या सलाईनची खूणगाठ हाताशी होती: ‘मागच्या बारीपास्नं’. पर्याय कळले का? पाच पायऱ्यांचं कार्ड समोर धरून एकेक वाचून दाखवलं, बोट ठेवायला सांगितलं, आणि बोट अडखळलं नाही. घसरलं ते तिसऱ्या टप्प्यावर. ‘नेहमीची कामं’ म्हणजे कोणती, हे ठरवताना त्यांनी आजची कामं धरली. गेल्या ७ दिवसांत धार काढलीच नाही, मग धारेत अडथळा कसा येणार? भाकरी थापलीच नाही, मग हात बधिर म्हणून काय अडलं? जे काम सुटलं ते हिशेबातूनच सुटलं.

आजारात माणसाची मोजपट्टीच सरकते, हे या क्षेत्रात अनेकांनी मांडलंय. स्प्रँगर्स आणि श्वार्ट्झ या संशोधकांनी १९९९ साली त्याची चौकट बांधली, ती आजही वापरतात. पण त्या चौकटीत भर माणसाच्या मनावर आहे: तो आजाराशी जुळवून घेतो, अपेक्षा कमी करतो. आपल्या मावशींनी मनाने जुळवून घेतलंय असं मला दिसत नाही. जुळवून घेतलंय ते घराने. एकत्र कुटुंबात बाई आजारी पडली की काम दुसऱ्या बाईच्या अंगावर जातं, न बोलता, एका दिवसात. तिच्या हातून काय होत नाही, हे तपासायची वेळच येत नाही. प्रश्नावलीला दिसतं शून्य, आणि अडथळ्याचा सगळा बोजा त्या सुनेच्या खात्यावर असतो, जिला कोणी प्रश्नावली देत नाही.

या अनुमानाला त्याच कागदावर एक भक्कम आधार आहे. थकव्यामुळे कामात अडथळा किती, याला मावशींनी ‘बराच’वर बोट ठेवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, संध्याकाळी विठ्ठलाच्या देवळात हरिपाठाला जाता येत नाही, तेवढा वेळ बसवत नाही. धार सून काढू शकते, हरिपाठाला मावशींच्या वतीने ती कशी बसणार? जे काम दुसऱ्याला देता येतं तिथे शून्य, जे देता येत नाही तिथे तीन. म्हणजे पायऱ्या त्यांना वापरता येतात, ‘अडथळा’ हा प्रकारही कळतो. एकाच रकान्यावर सरसकट खुणा करत जाणाऱ्यांपैकी त्या नव्हेत.

आता दुसरी शक्यता, जी प्रशिक्षणात सगळ्यात आधी पुढे येते: बाई घाबरून लपवत होत्या. बोलणं संपत आलं तेव्हा त्या खरंच म्हणाल्या, ‘पर हे डॉक्टरास्नी सांगू नगासा. सलाईन थांबवत्यात. एका बाईचं असंच थांबीवलं.’ ही भीती खरी आहे आणि सर्रास आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार मोफत मिळतायत, बारा पूर्ण झाली की सुटलो, अशा हिशेबाने दिवस काढणारं माणूस मध्ये खीळ पडेल असं काही बोलत नाही. पण भीतीने ‘अजिबात नाही’ आलं असतं, तर ‘तीव्र’ आलंच नसतं. त्रास लपवणारा आधी त्रासच कमी सांगतो. भीती जागी झाली ती हुकांचं बोलून झाल्यावर, समोरच्या पोरीचा चेहरा बदललेला दिसला तेव्हा. (मुलाखत घेताना चेहरा सपाट ठेवावा, असं पुस्तक सांगतं. हुकं ऐकल्यावर मलाही ते जमलं नसतं.)

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोन्हींवरचा इलाज वेगळा. भीतीवर उपाय संवादाचा: थांबवणं म्हणजे सोडून देणं नव्हे, हे आधीच सांगून ठेवायचं. हिशेबाच्या घसरणीवर उपाय प्रश्नाचा. भीतीच्या माथी सगळं मारून मोकळं झालं की प्रश्न तसाच राहतो, आणि उद्या निडर रुग्णही तिथेच घसरतो.

त्या दिवशी काय केलं

प्रश्नावलीची चाचणी असली तरी ती माणसांवर चालते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि समजावून घेतलेली संमती लागते. संमतीपत्रात साधारण असं वाक्य असतं की उत्तरं गुप्त राहतील. त्याच पत्रात आणखी एक वाक्य असायलाच हवं: तब्येतीला धोका असल्यासारखं काही दिसलं तर तुम्हाला सांगून डॉक्टरांना कळवू. हे दुसरं वाक्य नसलेली संमतीपत्रं मी पाहिली आहेत. कोर्टाच्या कागदासारखी चार पानं असतात, आणि नेमकं हेच नसतं.

इथे ते होतं. मुलाखत घेणारी म्हणाली, ‘मावशी, हुकांचं मी परस्पर सांगणार नाही. आज आत गेल्यावर तुम्हीच सांगा, मी बाजूला उभी राहते. डोस कमी करून पुढे चालू ठेवता येतं का, ते डॉक्टर बघतील.’ मावशी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तुम्ही हाईसा न्हवं?’ सून रिपोर्ट घेऊन आली, तिघी आत गेल्या. डॉक्टरांनी कापूस आणि ट्यूनिंग फोर्कने हातपाय तपासले, शर्टाचं बटण लावून बघायला दिलं, त्या दिवशीचं सलाईन रोखलं आणि पुढच्या वेळेपासून डोस कमी करायचं ठरवलं.

कागदावरची खूण मात्र बदलली नाही, बदलायचीही नव्हती. मुलाखतीत कितीही काही बाहेर आलं तरी पहिलं उत्तर तसंच ठेवायचं असतं. ‘मग आता बराच असं करू का?’ असं विचारून खूण हलवली, तर चाचणीचा पुरावाच पुसला जातो. उकरून काढलेलं सगळं वेगळ्या कागदावर, रुग्णाच्या शब्दांत.

प्रश्नाचं काय करायचं

भाषांतर तपासणाऱ्यांच्या बैठकीत पहिली सूचना ठरलेली असते: ‘नेहमीची कामं म्हणजे आजारापूर्वी तुम्ही करत होता ती’ एवढं वाक्य जोडून टाका. ऐकायला सरळ वाटतं. माझा विरोध आहे, आणि कारणं दोन.

एक, प्रश्नावली आपल्या मालकीची नाही. भाषांतर ठरलेल्या वाटेने होतं: दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, मग रुग्णांवर तपासणी, आणि प्रत्येक टप्प्याची नोंद मालक संस्थेकडे. मधेच स्थानिक वाक्य घातलं की कोल्हापूरचा ३ आणि बोस्टनचा ३ वेगळ्या प्रश्नांची उत्तरं होतात. बहुदेशीय औषध चाचणीत दोन्ही एकाच तक्त्यात बसणार असतात.

दुसरं कारण अधिक जड आहे. मूळ इंग्रजी प्रश्नातही ‘आजारापूर्वी’ असं कुठे नाही. म्हणजे ही फट भाषांतरात पडलेली नाही, प्रश्नाच्या घडणीतच आहे. एकटं राहणाऱ्या, स्वतःचं स्वतः करणाऱ्या समाजात ती कमी उघडी पडते, आपल्याकडे जास्त. मराठी सुधारून मूळ दोष झाकला, तर मालकांना तो कधी कळणारच नाही. शिवाय ‘आजारापूर्वी’ ठेवलं की नवी अडचण उभी राहते. आजारापूर्वीची भांगलण, म्हणजे शेतातलं तण काढणं, शस्त्रक्रियेनंतर हात सुजतो म्हणूनही सुटलेली असते. मग मुंग्यांच्या खात्यावर ती कशी टाकायची?

दुसरी सूचना असते उदाहरणं द्यायची: बटण लावणं, भाकरी थापणं, चप्पल घालणं. उदाहरण दिलं की माणूस उदाहरणाचंच उत्तर देतो. भाकरी कधीच न थापलेला पुरुष ‘अजिबात नाही’ म्हणून मोकळा.

माझ्या मते करायचं ते असं. वैद्यकीय देखभालीसाठी वापरताना प्रश्न तसाच ठेवायचा, पण मुंग्यांची तीव्रता ‘तीव्र’ किंवा त्यापुढे आली आणि अडथळा शून्य आला, तर त्या जोडीला धोक्याची खूण मानायची. परिचारिकेने त्या रुग्णाला दोनच गोष्टी तोंडी विचाराव्यात: हुकं-बटणं कोण लावतं, आणि चप्पल पायातून निसटलेली कळते का. यात प्रश्नावलीला धक्का लागत नाही, वेळ एक-दोन मिनिटांचा. आणि चाचणीच्या अहवालात ही घसरण रुग्णाच्या वाक्यांसकट मालक संस्थेकडे पाठवायची.

कालावधीची एक बाजू इथे चटकन सांगून टाकतो. मावशींचं सलाईन साप्ताहिक, म्हणून ७ दिवस अगदी बेतून बसले. तीन आठवड्यांनी येणाऱ्या रुग्णाला ओपीडीच्या दिवशी हाच प्रश्न विचारला, तर शेवटचा, म्हणजे सर्वांत बरा आठवडा कागदावर येतो. ओकाऱ्या आणि तोंड येणं बहुधा आधीच्या दोन आठवड्यांत होऊन गेलेलं असतं. अशांना दर आठवड्याला फोनवर विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. फोन कोण उचलतो, हा पुन्हा वेगळा प्रश्न.

एका मुलाखतीवर किती विसंबायचं

फार नाही. एका बाईच्या हिशेबावरून प्रश्न सदोष ठरत नाही. भाषांतराच्या तपासणीसाठी जे मार्गदर्शक आकडे दिलेले असतात तेही लहानच आहेत. आरोग्याच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्या आयस्पोर या संस्थेच्या २००५ सालच्या शिफारशींत ५ ते ८ जण, युरोपातल्या ईओआरटीसी या कर्करोग-संशोधन संस्थेच्या पद्धतीत १० ते १५. एवढ्यांत काम भागतं, पण कोण निवडले त्यावर सगळं अवलंबून. कोल्हापूर शहरातल्या राजारामपुरी आणि ताराबाई पार्कातले पदवीधर आठ जण घेतले तर आठही जण प्रश्न सुरेख समजला म्हणतील आणि अहवाल दोन दिवसांत तयार होईल. चंदगड-शाहूवाडी अशा दूरच्या तालुक्यांकडचं कोणी, वाचता न येणारं कोणी, सीमाभागातून येणारं आणि घरी कानडी बोलणारं कोणी घेतल्याशिवाय ‘मराठी मजकूर तपासला’ असं लिहायला माझा हात वळणार नाही.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न मुलाखतीच्या कागदावरून कायमचा खोडायचा. त्याला कोल्हापुरात एकच उत्तर आहे: ‘व्हय की.’

पुढच्या फेरीसाठी माणसं ठरवताना मावशींच्या हिशेबाला आव्हान देतील अशी शोधायला हवीत. शिरोलीच्या फौंड्रीतला कामगार, ज्याला रजा संपली की हातात साचा धरावाच लागतो. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोथेरपीचं दुसरं औषध घेणारा कोणी, ज्याच्या मुंग्या गार पाण्याला हात लागला की भडकतात आणि मग थांबतात. शाळेत शिकवणारी बाई, जिला खडू धरायचा असतो. आणि एकटी राहणारी बाई, पॅक्लिटॅक्सेलवरच असलेली, जिच्या घरी सून नाही, लेक नाही, शेजारीणही कामावर जाते. तिच्या मुंग्या तीव्र आणि अडथळा ‘खूप’ निघाला, तर घराने काम उचललं म्हणून शून्य आलं, हे अनुमान पक्कं होतं. तिनेही ‘अजिबात नाही’ म्हटलं, तर वरचं सगळं विश्लेषण पुन्हा पहिल्या टप्प्यापासून तपासावं लागेल. म्हणून यादीतल्या बाकीच्यांआधी तिला गाठायचं.